न्यूट्रल नसलेलं सर्किट

मी वायरमन आहे. बावीस वर्षं झाली, हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात कितीतरी घरांच्या, दुकानांच्या आणि दोन-तीन वसतिगृहांच्या भिंतीत मी ओढलेल्या तारा आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मठ्ठच दिसणार आहे, आणि ह्याला तारांतलं काही कळत नाही असं कोणी म्हणू नये. तारांतलं मला कळतं. जे कळलं नाही ते दुसरंच होतं आणि ते मला अजूनही पुरतं कळलेलं नाही.

बायको गणित शिकवते. खरं म्हणजे शिकवायची. आमच्या वॉर्डापासून सायकलने दहा मिनिटांवर एक खासगी शाळा आहे, तिथे अकरा वर्षं सहावी ते आठवीचं गणित तिच्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेत मुलं कमी झाली, तुकड्या कमी झाल्या, आणि गणिताचा एक शिक्षक जास्तीचा ठरला. ती जास्तीची होती. पण त्याच वेळी शाळेने ठरवलं की पुढच्या सत्रापासून कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचा. त्यासाठी एक नवे सरही आले होते, तरुण, डिग्रीवाले, पण वर्ग कोणाला ते अजून पक्कं नव्हतं. प्राचार्य तिला म्हणाले की फेब्रुवारीत शाळेचं प्रदर्शन आहे, कॉम्प्युटर आतून बेरीज कशी करतो हे मुलांना दिसेल असं काही बनवून दाखवा, मग त्या वर्गाचं बघू. बघू म्हणजे काय ते तिला समजलं. वर्ग मिळाला तर ती शाळेत, नाही मिळाला तर एप्रिलपासून घरी.

तिने मोटर, बल्ब, पुठ्ठा असलं काही घेतलं नाही. तिने तो ठोकळ्यांचा गेम घेतला. मुलं मोबाइलवर खेळतात तो, माती-दगडाचे ठोकळे रचून घरं बांधायचा. तिच्याच वर्गातल्या मुलींनी तिला तो शिकवला होता. त्यात एक लाल भुकटी असते. ती ठोकळ्यांवर ओळीने टाकत गेलं की तार होते, एका टोकाला खटका, दुसऱ्या टोकाला दिवा. एवढं ऐकल्यावर मी म्हणालो, हे तर माझंच काम आहे. तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

एका रविवारी सकाळी तिने मला सेकंडहँड लॅपटॉपसमोर बसवलं. स्क्रीनवर एक मैदान, आणि त्या मैदानात लाल रेघांचा असा गुंता की कोणीतरी कुंकवाचा डबा पाडून वर झाडू फिरवल्यासारखं दिसत होतं. एका बाजूला आठ खटके, चार एका आकड्याचे, चार दुसऱ्याचे. दुसऱ्या बाजूला पाच दिवे. पहिला दिवा एकाचा, दुसरा दोनाचा, मग चाराचा, आठाचा आणि सोळाचा. जे दिवे लागतील त्यांची बेरीज म्हणजे उत्तर. तिने खटके ओढून तीन अधिक दोन केलं. एकाचा आणि चाराचा दिवा लागला.

"पाच," ती म्हणाली.

मी खरोखर चकित झालो. तसं बोललो नाही, पण झालो.

"आता हे पाहा." तिने सात अधिक पाच केलं. बारा यायला हवे होते. चार आले. "कुठंतरी हातचा मरून राह्यला. तीन दिवस झाले शोधून राह्यली. सगळं लालच लाल हाये, एक तार धरली की दुसरीतच घुसते. तुमी लोकायच्या घरी फॉल्ट शोधता ना? मले शोधून द्या."

हातचा म्हणजे बेरजेतला हातचा. एका घरातून पुढच्या घरात जातो तो. तिच्या मशीनमध्ये हातच्याचीसुद्धा तार होती. मला हे फार आवडलं, की आपण लहानपणी बोटावर धरून ठेवायचो ती गोष्ट इथे तारेने जाते. मी बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "दोन तासाचं काम हाये. पहिले न्यूट्रल दाखव."

"न्यूट्रल नाही यात."

"असं कसं? दिवा जळून राह्यला ना?"

"हौ."

"मंग करंट गेला कुठून वापस?"

"वापस जातच नाही. दिव्यापर्यंत जाते, अन् बस."

"बस म्हणजे? राह्यते कुठं मंग तो?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहतात तसं. "कुठंच नाही राह्यत," ती म्हणाली. "संपते."

करंट संपतो हे मला पटेना. मी आयटीआयला पहिल्या आठवड्यात शिकलो ते हेच की जाणाऱ्याला यायला वाट पाहिजे. बावीस वर्षांत जे काही दुरुस्त केलं ते या एका गोष्टीवर विश्वास ठेवून केलं. आणि इथे माझीच बायको सांगत होती की तार एकच असते, जाते आणि संपते. वर तिने आणखी एक चमत्कार दाखवला. एक मशाल असते गेममध्ये, तिला तार जोडली आणि तारेत करंट सोडला की ती विझते. करंट काढला की लागते. मी म्हणालो हा फॉल्ट आहे, मशाल बदल. ती म्हणाली हा फॉल्ट नाही, पूर्ण मशीन यावरच चालतं. मग मी मान डोलावली, पण ती समजल्यामुळे नव्हे.

त्या आठवड्यात लामत्याला एका दुकानाचं काम होतं. बोर्ड बसवताना मी न्यूट्रलची काळी तार हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. दुकानदाराने विचारलं, "क्या हुआ भैया, कम पड़ गई क्या?" मी म्हणालो नाही, जास्तीची वाटते आहे. त्याला काही कळलं नाही. मलाही नाही.

माझी चूक झाली ती पुढच्या गुरुवारी. बिरश्याला जायचं एक काम ऐन वेळी रद्द झालं आणि मी दिवसभर घरी होतो. बायको शाळेत. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते आणि फॉल्ट काही सापडत नव्हता. मी लॅपटॉप उघडला. चालवायचं कसं ते तिने शिकवलं होतं. मनात म्हटलं, सर्किट समजत नाही तर न समजो, पण हा गुंता तर मला सोडवता येतो. गुंता सुटला की फॉल्ट आपोआप दिसतो, हे कोणताही वायरमन सांगेल. कुठल्याही घरी मी पहिलं काम तेच करतो. तारा सरळ करायच्या, एकमेकींना चिकटवून एका ओळीत आणायच्या, पट्टे मारायचे; याला आम्ही ड्रेसिंग म्हणतो. माझे बोर्ड उघडून लोक फोटो काढतात. मी बढाई मारत नाही, खरंच काढतात.

सकाळी दहाला बसलो, चारला उठलो. मधे जेवलो नाही. प्रत्येक लाल रेघ मैदानातून उचलली आणि एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी अशी ओळीने अंथरली. कुठून निघते आणि कुठे पोचते ते टोक मात्र बदललं नाही, एवढी अक्कल होती. वरून पाहिलं तर असं सुरेख दिसत होतं की मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. ती आल्यावर तिला काही सांगायचं नाही, नुसतं दाखवायचं, असं ठरवलं. चहाही मांडून ठेवला.

ती आली, हातपाय धुतले, लॅपटॉपसमोर बसली. मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मला वाटलं आनंदाने. मग तिने एक खटका ओढला, फक्त एक. पाचही दिवे लागले.

दुसरा ओढला, पाचही दिवे लागलेलेच. एक बंद केला, दुसरा चालू ठेवला. तेच.

"तुमी या तारा एकमेकीले चिकटवल्या?" तिने विचारलं.

"हौ. ड्रेसिंग केली."

"यात इन्सुलेशन नसते वो. बाजूबाजूले ठेवली की भुकटी एकमेकीत मिसळते. सगळ्या तारा मिळून आता एकच तार झाली."

इन्सुलेशन नसतं. न्यूट्रल नाही ते एक वेळ सोडा, पण वर वेष्टणच नाही अशी तार ओळीने लावणारा माणूस जगात एकच असेल, तो वायरमनच असेल, आणि तो मी. ज्याला तारांतलं काहीच कळत नाही असा कोणी असता तर त्याने एवढं नेटकं काम केलंच नसतं, आणि मशीन वाचलं असतं.

"जुनी कॉपी असन ना?" मी विचारलं.

"नाही ठेवली. मलेच ठेवाले पाहिजे होती."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ओरडल्यावर मीही उलटून काहीतरी बोललो असतो आणि भांडण होऊन विषय संपला असता. ती ओरडली नाही. चहा प्याली, कप ठेवला, आणि पदराने लॅपटॉपची स्क्रीन पुसली, जणू डाग वरच पडला आहे. मला इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन विनाकारण शिडी पुसत बसलो. अकरा वर्षं तिने त्या शाळेत काढली आणि मी सहा तासांत तिच्या नोकरीवर पाणी फिरवलं, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने मला बोलावलं. ती काहीतरी ठरवून आली होती.

"सगळं नव्यानं बांधू," ती म्हणाली. "जुनं तसंही मलेच समजत नव्हतं. मी बनवलेलं अन् मलेच तार सापडत नव्हती, तं मुलायले काय दाखवणार होती? आता असं बांधू का तुमाले समजन. तुमाले समजलं, तं कोणालेही समजन."

याचा राग मानावा की नाही हे मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण मी हौ म्हणालो.

तर असं काम सुरू झालं. ती शाळेतून साडेतीनला यायची, मी जवळपासचीच कामं घेऊन चारपर्यंत घरी पोचायचो, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आम्ही बांधायचो. नियम असा की ती एक भाग बांधणार, मग आत जाऊन पोळ्या करणार, आणि मी खटक्यापासून दिव्यापर्यंत स्क्रीनवर बोट फिरवत मोठ्याने सांगणार की करंट कुठून कुठे चालला. मी जिथे अडखळेन तिथे तिची चूक. तिने आतून ऐकायचं. माझा गोंधळ हेच आमचं मीटर होतं.

गोंधळाला कमी नव्हती. पहिली भानगड रंगांची. गेममध्ये लोकरीचे रंगीत ठोकळे मिळतात, त्यांच्यावर भुकटी टाकली की कुठली तार कुठली ते रंगावरून कळतं. मी म्हणालो लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. ती म्हणाली यात फेज नाही, न्यूट्रल नाही, अर्थ तर नाहीच नाही. तिने मग स्वतःच्या मनाने रंग लावले, पहिल्या आकड्याला जांभळा, दुसऱ्याला गुलाबी, उत्तराला पोपटी, हातच्याला राखाडी. मी बोट फिरवायला लागलो आणि तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, जांभळ्यानंतर काय होतं?

"गुलाबी."

"काहून पण?"

दुसऱ्या दिवशी तिने रंग बदलले, मग पुन्हा बदलले. मला एकही क्रम ध्यानात राहीना. चिडून मी म्हणालो, "मले रंगायचा एकच क्रम पाठ हाये. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी."

विहारावरच्या पंचशील झेंड्याचे रंग. दर एप्रिलला जयंतीच्या आधी आमच्या वॉर्डात खांबाखांबाला कागदी झेंड्यांच्या माळा लावायचं काम माझ्याकडे असतं, कारण शिडी माझ्याकडे आहे. एखाद्या माळेत रंग मागेपुढे चिकटलेले असले तर मी वर चढलेला असतानाच म्हातारी माणसं मला खाली बोलावतात.

ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली. "पाच," ती म्हणाली.

"काय पाच?"

"पाच रंग. पाच दिवे." आणि ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

एकाच्या घराला निळा, दोनाच्याला पिवळा, चाराच्याला लाल, आठाच्याला पांढरा, सोळाच्याला केशरी. ज्या घराची तार, त्या घराचा रंग. हातचा निघाला की तो पुढच्या घराचा, म्हणून निळ्यातून निघालेला हातचा पिवळ्या लोकरीवरून चालणार. आता मला विचारावं लागत नव्हतं. पिवळं दिसलं की दोनाकडे चाललं. लाल लोकरीवर लाल भुकटी मात्र दिसेना, तेव्हा त्या एका रांगेला दोन्ही बाजूंनी दगडाचा काठ लावला. दोन तारांमध्ये एक ठोकळा रिकामा, हा नियम मी स्वतः मोजून पाळला. जिथे एक तार दुसरीला ओलांडते तिथे उंच पूल. जुन्या मशीनमध्ये तिने अर्ध्या तारा जमिनीखालून नेल्या होत्या, मी भिंतीत लपवतो तशा. मी तिथेच हरवायचो. तिने सगळं वर आणलं. प्रत्येक वळणावर पाटी लावायची कल्पना माझी, पॅनलमध्ये आम्ही तारेच्या टोकाला नंबराचं नळकांडं चढवतो तशी. "दोनाचा हातचा, चाराकडे." हिंदीत लिहिलं, मुलांना वाचता यावं म्हणून.

आणि जुना फॉल्टही सापडला. त्या भुकटीतला करंट पंधरा ठोकळे चालतो आणि मरतो, मधे जोर देणारा एक तुकडा ठेवावा लागतो. आठाकडे जाणारा हातचा पुन्हा लांब पडला होता. गुंत्यात हे कधीच दिसलं नसतं. आता पांढऱ्या पट्ट्यावर भुकटी एका जागी काळवंडलेली मला स्पष्ट दिसली. "इथं मेला," मी ओरडलो. ती धावत आली. तिने तो तुकडा ठेवला आणि सात अधिक पाच बारा झाले. करंट तिथे काहून मरतो हे मी विचारलं नाही. विचारलं तर पुन्हा संपतो म्हणेल, या भीतीने.

प्रदर्शन शनिवारी होतं. शाळेने मला एक्स्टेंशन बोर्ड लावायला बोलावलं होतं, म्हणून मी सुरुवातीपासून तिथे होतो. तिने मशीन प्रोजेक्टरवर दाखवलं. मुलं, पालक, कमिटीचे दोन लोक, नवे सर, सगळे. प्राचार्यांनी एका पालकाला आकडे सांगायला लावलं. तो म्हणाला सात आणि नऊ.

तिने खटके ओढले. चार दिवे विझलेले राहिले आणि फक्त शेवटचा लागला. मागे कोणीतरी म्हणालं, "फेल हो गया." मलाही वाटलं गेलं. मग ती सातवीतल्या एका मुलीला पुढे बोलावून म्हणाली, निळ्यापासून सुरू कर. त्या मुलीने पडद्यावर पट्टी फिरवत फिरवत सांगितलं, निळ्यात एक आणि एक, हातचा पिवळ्याकडे, तिथून लालकडे, तिथून पांढऱ्याकडे, तिथून केशरीकडे. सोळा. एकदाही अडखळली नाही. ती जसजशी पुढे जात होती तसतसं माझं बोट खिशात फिरत होतं.

टाळ्या वाजल्या. प्राचार्य म्हणाले, "मैडम, ये रंगों का क्रम कैसे सोचा?"

"ऐसे ही रख दिया सर," ती म्हणाली.

तिने असं काहून सांगितलं हे मी तिला नंतर विचारलं नाही. मी असतो तर काय म्हणालो असतो हेही मला माहीत नाही.

मग प्राचार्यांनी नव्या सरांना उठवलं. म्हणाले, आता तुम्ही समजावून पाहा. नव्या सरांनी ते मशीन त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाट्या वाचल्या, रंग धरले, आणि दहा मिनिटांत अख्खं मशीन असं समजावून सांगितलं की मागच्या रांगेतले आजोबासुद्धा मान हलवत होते. प्राचार्य खूश झाले. "कमाल है मैडम. इतना सिंपल बना दिया आपने, अब तो इसे कोई भी पढ़ा लेगा."

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. हेच तर आम्हाला करायचं होतं. कोणालाही समजावं, असंच ती म्हणाली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती बोर्डाची वायर गुंडाळत होती. ते माझं काम होतं.

घरी येताना सायकल हातात धरून आम्ही चालत आलो. ती म्हणाली, "त्यायनं काय म्हटलं, समजलं का तुमाले?"

"तारीफ केली."

"हौ," ती म्हणाली.

मार्चमध्ये कळलं. कॉम्प्युटरचा वर्ग नव्या सरांना. त्यांच्याकडे डिग्री आहे, आणि शिकवायला साहित्य तयार आहेच. ते मशीन शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवून घेतलं. तिला एक शाल आणि आभाराचं पत्र दिलं.

मी फार तापलो. म्हणालो, "शाळेत जा अन् एक तार मोडून ये. एकच. पिवळ्याचा हातचा पांढऱ्यामधे घाल. पाहू कोण शिकवते तं." हे मी मनापासून म्हणालो होतो. कसं मोडायचं हे आता मला चांगलं येत होतं.

"मुलं शिकतीन त्याच्यावर," ती म्हणाली. "मोडाचं कशाले?"

तेव्हापासून माझं डोकं त्याच एका जागी अडकून आहे. मी ते मशीन बिघडवलं नसतं तर ते गुंत्यातच राहिलं असतं. तिने फॉल्ट कसाबसा शोधून काढला असता, आणि त्या गुंत्यातून वाट काढू शकणारी अख्ख्या शाळेत एकटी तीच असती. प्राचार्यांना तिला ठेवावंच लागलं असतं. मग माझी चूक कुठली? गुरुवारी तारा चिकटवल्या ती, की नंतर आठ दिवस बोट फिरवून फिरवून तिच्याकडून ते इतकं सरळ करून घेतलं ती? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहतो आणि कुठूनही गेलो तरी परत यायला वाट सापडत नाही. तिला हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, उगीच डोकं नका खपवू. पण खपतं.

एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झालं. तिने नव्या सरांना एका कागदावर आपला नंबर लिहून दिला होता, कुठे अडलं तर फोन करा म्हणून. पहिला आठवडा तिचा मोबाइल ओट्यावरच असायचा, चार्जरला लावलेला, आवाज मोठा करून. कणीक मळताना हात भरले तर ती मला सांगायची, वाजला तं उचला. एक-दोनदा वाजला. एकदा तिच्या भावाचा होता, तिरोडीहून. एकदा गॅसवाल्याचा.

पुढच्या रविवारी भाजीबाजारात नवे सरच भेटले. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. माणूस खरंच भला आहे, याचाच मला जास्त त्रास होतो. "मैडम, आपका बहुत उपकार है," ते म्हणाले. "पूरा चैप्टर हो गया. एक बार भी नहीं अटका."

"अच्छा है," ती म्हणाली. "बहुत अच्छा है." आणि हसली. ते हसणं खोटं नव्हतं, हे मी सांगू शकतो.

ते गेले. तिने वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, आणि आम्ही गर्दीतून बाहेर आलो. सायकलीजवळ आल्यावर ती थांबली.

"एकदा तरी अडाले पाहिजे होतं नं वो त्यायनं," ती म्हणाली. "कुठंतरी."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि हँडलला अडकवली.